पहिल्या केमोच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

ओपीडीत एकतीस वर्षांची एक मुलगी आली होती. स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट कर्करोगाचा. केसपेपरच्या मागे पेन्सिलीने तीन प्रश्न लिहून आणले होते, त्यातल्या तिसऱ्यावर तिने स्वतःच काट मारलेली. सासूबाई झेरॉक्स काढायला बाहेर गेल्या, तेव्हा मी त्याबद्दल विचारलं. म्हणाली, "मला मूल होईल का? पण जिवाशी गाठ असताना असं विचारणं बरं दिसत नाही."

बायांनो, हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो पहिल्या केमोच्या आधीच विचारायचा आहे. बाई जन्माला येते तीच बीजांडांचा साठा घेऊन. त्यात नवी भर पडत नाही. केमोतली सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं हा साठा कमी करतात. वय जितकं जास्त, तितका फटका मोठा. केमोनंतर पाळी परत आली म्हणजे मूल होईलच असं नाही, आणि पाळी नाही म्हणून दिवस राहणारच नाहीत, असंही नाही.

केमोआधी बीजांडं किंवा गर्भ गोठवून ठेवता येतात. साधारण दोन आठवडे लागतात, पाळीची वाट पाहावी लागत नाही. बीजांडं वाढवणाऱ्या इंजेक्शनांसोबत लेट्रोझोलची गोळी दिली की इस्ट्रोजेन, म्हणजे स्तनाच्या काही कर्करोगांना बळ देणारं बाईच्या शरीरातलं हार्मोन, फार वाढत नाही. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांबद्दलच्या 2021च्या कायद्याप्रमाणे बीजांडं दहा वर्षं जपून ठेवता येतात. खर्च मात्र बराच आहे, तो आधी विचारून घ्या. केमो चालू असताना अंडाशयाला विश्रांती देणारं गोसेरेलिनचं इंजेक्शनही असतं.

पुढची अडचण टॅमॉक्सिफेनची. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात आजार उलटू नये म्हणून ही गोळी देतात, आणि ती पाच ते दहा वर्षं चालते. तिशीतली बाई थांबणार तरी किती? 'पॉझिटिव्ह' नावाच्या अभ्यासात 42 वर्षांपर्यंतच्या बायकांनी दीड ते अडीच वर्षं औषध घेतलं आणि मग मुलासाठी ते जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवलं. 2023 साली निष्कर्ष छापून आले. 497 जणींपैकी 368 जणींना दिवस राहिले, 317 जणींच्या कुशीत मूल आलं. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण औषध न थांबवणाऱ्यांएवढंच होतं. हा आजार उशिराही उलटतो, म्हणून त्यांच्यावर पुढेही लक्ष ठेवलं जातंय.

पण कळकळीने सांगते, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती थांबवल्यावरही सुमारे तीन महिने जाऊ द्यावे लागतात, कारण गर्भाला तिचा धोका असतो. तोवर काळजी घ्या: तांबी किंवा निरोध. गर्भनिरोधक गोळ्या नकोत, त्यांत हार्मोन असतात.

त्या मुलीची केमो पंधरा दिवस उशिरा सुरू झाली, तिच्या डॉक्टरांच्या संमतीनेच. आता टॅमॉक्सिफेनचं दुसरं वर्ष चालू आहे. परवा विचारत होती, गोळी थांबवायचं कधी बोलायचं? या वेळी सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.