तिच्या कार्डावर तुमचं रक्त

भाऊंनो, आपल्या खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, सासरे गाडी घेऊन आले, की जावई मोकळा. त्यात रावेर-चोपड्याकडे केळीची कापणी चालू असली तर बाप झाल्याचंही त्याला फोनवरच कळतं. माहेरी पाठवू नका असं मी म्हणत नाही. आईजवळची झोप तिला मिळायलाच हवी. पण काही कामं तुमच्याशिवाय होत नाहीत, कारण ती तुमच्या रक्ताशी बांधलेली आहेत.

आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड आज घरी गेल्यावर उघडा. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर उद्याच तुमचा तपासून घ्या. तुम्ही पॉझिटिव्ह असाल तर बाळही पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर त्याच्याविरुद्ध लढायला तयार होतं. पहिलं लेकरू बहुधा सुखरूप येतं. पोटातच रक्त कमी होतं ते पुढच्याचं. म्हणून तिला अँटी-डीचं इंजेक्शन साधारण 28व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. गर्भ पडला तरी डॉक्टरांना या इंजेक्शनचं विचारायचं. त्या दुःखात नेमकं तेच राहून जातं.

दुसरं, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार. सातपुड्याच्या पट्ट्यात, आपल्या पावरा आणि भिल्ल बांधवांत तो जास्त आढळतो. तिच्या रिपोर्टवर ‘एएस’ आलं म्हणजे ती वाहक. ती आजारी नाही. पण तुम्हीही वाहक असाल तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. बायको सुई टोचून घेते आणि नवरा दाराबाहेर उभा राहतो, हे बघून मला फार वाईट वाटतं. दोघांचे रिपोर्ट पहिल्या तीन महिन्यांत हातात हवेत, म्हणजे पुढचं डॉक्टरांशी बोलायला वेळ उरतो.

लोहाच्या गोळ्या 180 दिवस. संडासला काळं होतं म्हणून घरातले बंद करायला सांगतात, काळं होणारच. फक्त चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. 102 किंवा 108 लावा. धडगावकडच्या पाड्यांवर गाडी कुठपर्यंत येते ते आधीच बघून ठेवा. आणि तिच्या माहेराजवळच्या दवाखान्यात सिझेरियन होतं का, रात्री रक्त मिळतं का, हे सासऱ्यांवर सोडू नका. एक दिवस काढून स्वतः विचारून या.