काळजी वाटत नाही, तरीही चिंता असते

श्रोतेहो, नमस्कार.

चिंता म्हटलं की छातीतली धडधड, घाम, थरथर एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण चिंतेने ग्रासलेली पुष्कळ माणसं ‘मला कसलीच काळजी नाही’ असं अगदी मनापासून सांगतात. त्यांच्या तक्रारी वेगळ्याच असतात. जबडा दुखतो, बोटांना मुंग्या येतात, पोट सारखं बिघडतं, हल्ली चिडचिड फार होते.

मुंग्यांचंच घ्या. मन सावध झालं की श्वास भरभर आणि उथळ होतो. ते ध्यानातही येत नाही. मधूनच मोठा उसासा किंवा लागोपाठ जांभया, एवढीच काय ती खूण. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि उलट हवाच पुरत नाही असं वाटतं. मग माणूस आणखी जोराने श्वास ओढतो आणि त्रास वाढतो. म्हणून अशा वेळी नुसतं ‘दीर्घ श्वास घ्या’ सांगणं अपुरं आहे. भर हवा श्वास सोडण्यावर. छाती न फुगवता नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. असं पाच मिनिटं करा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वास जोरात घेतला जातोय. जोर कमी करा.

आता जबडा. ऐकता ऐकताच पाहा, वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? ओठ मिटलेले असले तरी दातांत थोडी फट असायला हवी. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखणं, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे दिसणं, या दात आवळण्याच्या खुणा असू शकतात. घशात गोळा अडकल्यासारखं वाटणं हेही नेहमीचंच, पण ते नुसता आवंढा गिळताना जाणवतं. जेवताना घास अडकत असेल तर ते चिंतेवर ढकलू नका, तपासून घ्या.

वागण्यातल्या खुणा ओळखायला त्याहून अवघड, कारण त्या गुणांसारख्या दिसतात. पाठवलेला मेसेज चारदा उघडून वाचणं, साध्या फोनआधी वाक्यं घोकणं, ‘तू रागावला नाहीस ना?’ असं पुन्हा पुन्हा विचारणं. उत्तर मिळालं की बरं वाटतं, पण तेवढ्यापुरतंच. विचारलं म्हणून निभावलं, असा धडा मन घेतं आणि पुढचा प्रश्न आणखी लवकर येतो. विचारावंसं वाटलं की आधी दहा मिनिटं थांबा. ते जमलं की वीस. त्या वेळात अस्वस्थता आपोआप ओसरू लागते, हा अनुभव कुणाच्याही धीराच्या शब्दांपेक्षा मोलाचा आहे. घरच्यांनीही दर वेळी खात्री देत बसण्याऐवजी ‘थोडं थांबून बघूया का?’ असं मायेने म्हणावं.

दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवा: किती वाजता, शरीरात काय झालं, आणि त्याआधी काय चाललं होतं किंवा पुढे काय व्हायचं होतं. चहा-कॉफीची वेळही लिहा. कॅफिनचा परिणाम कित्येक तास टिकतो आणि तो चिंतेसारखाच भासतो. थायरॉईडचं वाढलेलं काम, रक्तक्षय, दम्याची काही औषधं यांनीही धडधड होते. म्हणून डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल जरूर विचारा. छातीत दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर मात्र वही बाजूला ठेवा आणि तडक रुग्णालय गाठा.

डॉक्टर कदाचित ‘जीएडी-७’ ही प्रश्नावली देतील. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. बेरीज १० किंवा अधिक आली तर सविस्तर तपासणी हवी. कमी आली, पण झोप, काम किंवा नाती बिघडत असतील, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा.