टक्के आणि परांची

(पहाट. निपाणीजवळचा महामार्ग. धुक्यातून ट्रॅक्टर येतोय.)

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की राष्ट्रीय महामार्ग ४८ वर ही रांग लागते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस. मागं लाल दिवा नाही. रिफ्लेक्टर आहे, पण चिखलानं माखलेला. दुचाकीवाल्याला ट्रॉली दिसते ती पार जवळ गेल्यावर.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले हे गवंडी अशाच एका ट्रॉलीला धडकले. कागलजवळ, म्हणजे महाराष्ट्रात. वय ३८.

लोक धावले. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि जीपमध्ये घातलं. मदतीचेच हात होते ते. पण पाठीचा कणा मोडलेल्याला असं उचललं तर तुटलेलं हाड मज्जारज्जूत घुसू शकतं. डोकं, मान, पाठ एका रेषेत धरून, सगळं अंग एकदम वळवून फळीवर घ्यायचं असतं. जिवावरचा धोका नसेल तर हलवू नका, १०८ ला फोन लावा.

(एक्स-रे, खिडकीच्या उजेडात.)

छातीचे बारा मणके संपतात आणि कमरेचा पहिला सुरू होतो, ती ही जागा. वरचा भाग बरगड्यांनी धरून ठेवलेला, खालचा हलता. म्हणून मार बरेचदा इथंच बसतो. चेपलेल्या मणक्याच्या वर आणि खाली हे स्क्रू दिसतायत. आज हे गवंडी काठी घेऊन अंगणापर्यंत येतात.

(पत्र्याची ट्रंक. गवंड्यांची बायको, वहिनी, कागद काढून चटईवर मांडतायत.)

इथं जरा थांबूया, कारण पुढची सगळी लढाई या ट्रंकेत आहे. एफआयआर आणि पंचनामा मराठीत, कारण अपघात कागल हद्दीत झाला. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. भरपाईचा दावा मात्र बेळगावात, आणि तिथलं कामकाज कन्नड नि इंग्रजीत. म्हणजे प्रत्येक मराठी कागदाला भाषांतर जोडायचं. सीमाभागातल्या माणसाला हा खर्च आणि हे हेलपाटे कुणीच मोजत नाही.

तरी दावा कागलकडेच करावा लागतो, हा समज खोटा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे तुम्ही राहता त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आलीय. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर घरी बसू नका.

(अपंगत्वाचा दाखला, जवळून. आकड्यावर वहिनींचं बोट.)

दाखल्यावर ३० टक्के लिहिलंय. विमा कंपनी हाच आकडा धरून बसते. महिना १५,००० कमाई, वर्षाची १,८०,०००, ३८ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा, १५. झाले २७ लाख. त्याचे ३० टक्के म्हणजे ८ लाख १० हजार. उपचाराचा खर्च, वेदनेची भरपाई आणि पुढची कमाईवाढ वेगळी.

पण गवंड्याचं काम ३० टक्क्यांनी कमी होतं का? परांचीवर चढता येत नाही, घमेलं उचलता येत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात २०१० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाई गमावणं वेगळं. हात गेला तर सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते, कारकुनाची नाही. म्हणून डॉक्टरांना साक्षीला बोलवा. काम काय होतं ते ठेकेदाराच्या तोंडून, हजेरीच्या वहीतून पुढं आणा.

मुलानं कॉलेज सोडलंय. काकांबरोबर कामावर जातो.

(एस्टी थांबा. काखेत पिशवी.)

आज डॉक्टरांच्या साक्षीची तारीख. वहिनींनी एक्स-रे खताच्या पोत्यात गुंडाळलाय, मुडपू नये म्हणून. सव्वाआठची बेळगाव गाडी अजून यायचीय.