खाऱ्या वाऱ्यातली खिडकी

नमस्कार श्रोतेहो. आपल्या जुन्या घरांना सागवानाच्या, फणसाच्या खिडक्या असायच्या आणि खाली उतरलेलं छप्पर त्यांना पावसापासून राखायचं. आता पडवी गेली, खिडकीवरचा सज्जा वीतभर उरला. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, आणि त्याची झड थेट तावदानावर येते. म्हणून बरेच जण कंपोझिट खिडक्यांची चौकशी करतात. किती वर्षं टिकतील, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

कंपोझिट म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. त्यातला भुसा कापलेल्या टोकांतून पाणी पितो, फुगतो, बुरशी धरतो. समुद्राकडच्या उघड्या भिंतीला ती लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी फायबरग्लासची. काचेचे तंतू राळेत भिजवून तापलेल्या साच्यातून ओढले की तिची चौकट तयार होते. तिला गंज नाही, वाळवी नाही. आणि मोठा गुण असा, की उन्हाने ती जवळपास काचेइतकीच प्रसरण पावते. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, दीड मीटरची चौकट ३० अंशांच्या फरकाला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. काच अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. या ओढाताणीत कडेचं रबर सैल होतं आणि पाण्याला वाट मिळते. फायबरग्लासची चांगली चौकट ३०-४० वर्षं निभावते. मात्र वरचा रंग उडाला तर वेळेत पुन्हा द्यायला हवा, नाहीतर उन्हाने राळ झिजून तंतू उघडे पडतात.

पण किनाऱ्यावर चौकट शाबूत असतानाच खिडकी निकामी होते, हे मला कळकळीने सांगायचंय. आधी जातात त्या बिजागऱ्या, स्क्रू आणि कड्या. साधं ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील खाऱ्या हवेत डागाळतं, हळूहळू खड्डे पडतात. ३१६ प्रतीच्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ते मिठाला जास्त दाद देत नाही. किंमत थोडी चढते, पण इथे काटकसर नकोच. दुहेरी काच घेतलीत तर तिच्या कडेचं सील साधारण १५ ते २५ वर्षांत थकतं. मग दोन काचांच्या मध्ये धुकं साचतं. तेव्हा फक्त काच बदला, चौकट काढू नका.

चिऱ्याची भिंत पाणी शोषते, तिची कडही ओबडधोबड असते. म्हणून आधी गवंड्याकडून गिलावा करून कड सरळ करून घ्या आणि मगच चौकट बसवा. फटीत न्यूट्रल सिलिकॉन भरायला सांगा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला आणि सिमेंटला मानवत नाही. चौकटीच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात. कुंभारीण माशी ती मातीने बुजवते, तेव्हा मिरगाआधी काडीने मोकळी करा. पाऊस सरला की महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने चौकट आणि बिजागऱ्या धुवा. आणि हमीपत्र घेताना विचारा, बिजागऱ्यांची हमी किती वर्षांची आणि समुद्रापासून किती अंतरावरच्या घराला ती लागू आहे. उत्तर कागदावर लिहून घ्या.