रेषा मोजा, चढ कळतो

श्रोतेहो, नमस्कार. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशावर तपकिरी, वळणावळणाच्या रेषा असतात. त्या समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर. खानापूरकडचे भातखाचरांचे बांध आठवा. बांध धरून चालत राहिलं की ना चढ, ना उतार. तशी ही रेषा. रेषा जवळजवळ आल्या तर चढ उभा, लांब गेल्या तर सौम्य. पुन्हा सांगतो, जवळ म्हणजे उभा, लांब म्हणजे सौम्य.

जांबोटीच्या पलीकडं एका लग्नाला गेलो होतो. दारातलं लग्न, सारवलेल्या अंगणात मांडव. लग्न दारातच व्हावं, हे माझं ठाम मत. कार्यालयात एक पंगत उठायच्या आत दुसरी मागं उभी राहते, त्यात पाहुण्यांशी बोलणं होतच नाही. तर, नवरीला घेऊन वऱ्हाड वरच्या गावाला परतायचं होतं. नवऱ्याचे मामा म्हणाले, "ओढ्याच्या अंगानं सरळ वर चढू. एक किलोमीटर तर वाट." नवऱ्याची आत्या गाडीवाटेवर अडून बसली. ती वाट साडेतीन किलोमीटरची. आवाज चढले, नवरी बिचारी खाली मान घालून उभी.

माझ्या पिशवीत त्या भागाचा नकाशा होता. घोंगड्यावर पसरला, कोपऱ्यांवर तांबे ठेवले. प्रमाण १:५०,०००, म्हणजे २ सेंटीमीटरला १ किलोमीटर. मामांच्या हातात काडी दिली. म्हटलं, "तुमच्या वाटेवरच्या रेषा तुम्हीच मोजा." बारा भरल्या. दोन रेषांत उंचीचं अंतर २० मीटर, म्हणजे चढ सुमारे २४० मीटर. मग गाडीवाटेवरच्या मोजायला लावल्या. मामा थांबले, पुन्हा मोजल्या. "अहो, या बी बाराच की!"

बाराच असणार. खालचं गाव तेच, वरचं गाव तेच. पण मामांच्या वाटेला त्या बारा रेषा २ सेंटीमीटरांत दाटल्या होत्या, गाडीवाटेला ७ सेंटीमीटरांत पसरल्या होत्या. शंभर मीटर चाललं तर मामांच्या वाटेनं २४ मीटर वर चढायचं, गाडीवाटेनं जेमतेम ७. डोक्यावर रुखवताचं ओझं घेऊन २४ मीटर!

आत्या म्हणाली, "मग मी कवापासनं काय सांगाय लागलोय?" वऱ्हाड गाडीवाटेनं गेलं. पुढं मामाच होते.

शाळांमध्ये हे नकाशे गुंडाळून कपाटावर पडलेले असतात. ते मुलांच्या हातात द्या, काडी घेऊन मोजू द्या. चोर्ल्याजवळ गोव्याकडं कोसळणाऱ्या कड्यांवर रेषा कशा चिकटतात आणि बेळगावच्या बाजूला कशा ऐसपैस होतात, हे त्यांचं त्यांना दिसेल.

मोजायच्या आधी मात्र नकाशाच्या समासात दोन रेषांमधलं उंचीचं अंतर वाचा. एका नकाशावर ते २० मीटर असेल, दुसऱ्यावर १०. रेषा तितक्याच दाट दिसल्या, प्रमाणही तेच असलं, तरी १० मीटरच्या नकाशावर चढ निम्माच असतो. पुन्हा सांगतो, आधी समास, मग रेषा. नमस्कार.