अरुंद पाणंदीत कुठला क्वाड घ्यावा

नमस्कार मंडळी. आज स्पोर्ट क्वाडबद्दल बोलूया, क्वाड म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार जाड चाकांची उघडी गाडी. क्वाड म्हटलं की आपल्याला तारकर्लीच्या नाहीतर नागावच्या वाळूत भाड्याने फिरवतात ती ऑटोमॅटिक गाडी आठवते, पण स्पोर्ट क्वाड वेगळा, त्याला हाताचा क्लच असतो, गिअर पायाने टाकायचे, ताकद चेनने फक्त मागच्या चाकांना जाते. आणि आपल्या कोकणातल्या वाटा म्हणजे दोन बाजूंना गडगे (दगड रचून केलेले बांध), मध्ये पाणंद, पुढे काजूची बाग, मग व्हाळ म्हणजे ओढा, मग जांभ्याची चढण. तिथे कुठला मॉडेल चालेल हा खरा प्रश्न आहे.

माझं सांगणं एवढंच, सीसी नंतर बघा, आधी टेप घ्या आणि तुमच्या वाटेवरची सगळ्यात अरुंद जागा मोजा, मग ते दोन गडग्यांमधलं अंतर असो, दोन कलमांमधलं असो की बागेचं गेट. यामाहाचा रॅप्टर ७०० साधारण ४६ इंच रुंद आहे, आणि त्याच कंपनीचा वायएफझेड ४५० आर जवळजवळ ४९ इंच. तीन इंचांनी काय होतंय असं दुकानात वाटतं, पण पुढचं चाक चिऱ्यावर आपटलं की हँडल हातातून हिसकलं जातं, अंगठा थ्रॉटलवरच असतो (वेग वाढवायचा खटका, क्वाडला तो अंगठ्याने दाबायचा), गाडी सरळ झाडावर.

बरेच जण म्हणतात ४५० हलका आहे म्हणून तो घ्या. हलका आहे हे खरंय, पण तो मोटोक्रॉससाठी, म्हणजे उड्यांच्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी बनलाय, उडी मारून खाली येताना कलंडू नये म्हणून रुंद ठेवलाय, इंजिनची खरी ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरायला लागल्यावरच येते, आणि रिव्हर्स गिअर नाही. म्हणजे पाणंदीत समोर पडलेला माड आला तर उतरायचं आणि गाडी मागे ओढायची, तीही चढावर! यामाहाने २०१० मध्ये जंगलातल्या वाटांसाठी वायएफझेड ४५० एक्स काढला तो मुद्दाम ४६ इंचांचा, यातच सगळं आलं. कावासाकीच्या केएफएक्स ४५० आर ला रिव्हर्स होता, ४५० च हवा असेल तर जुन्यात तो शोधा.

रॅप्टर ७०० चं ६८६ सीसीचं एकच सिलिंडर, खालपासून ओढतो, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवला तरी बंद पडत नाही, रिव्हर्स आहे. पण पेट्रोल भरलेला १९० किलोच्या आसपास, व्हाळात अडकला की एकट्याने निघत नाही. म्हणून मला विचाराल तर अरुंद वाटेला होंडाचा ४०० सीसीवाला बरा, टीआरएक्स ४०० ईएक्स. १९९९ चं डिझाईन आहे, ३९७ सीसी, २००५ पासून रिव्हर्स आला. इंजिन हवेने थंड होतं, म्हणजे रेडिएटरच नाही, त्यामुळे पावसाळ्यातल्या तांबड्या चिखलाने रेडिएटर बुजायचा प्रश्नच येत नाही. वेग कमी आहे, पण पाणंदीत वेग लागतो कुठे?

मॉडेल कुठलाही असो, मागचा अॅक्सल एकसंध असतो, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे नुसतं हँडल वळवून गाडी वळत नाही, सरळच जाते. अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकायचं, बाहेरच्या फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) दाब द्यायचा आणि थ्रॉटलने मागचं टोक हलकं सरकवायचं. सवय होईपर्यंत पहिला-दुसरा गिअरच बरा. करवंदाच्या जाळीसाठी हँडगार्ड लावा, आणि पायाखाली नर्फ बार (पुढच्या-मागच्या चाकांमधली बाजूची संरक्षक दांडी) हवेतच, नाहीतर पाय घसरून मागच्या चाकाखाली जातो. हेल्मेट तर हवंच, ते वेगळं सांगायला नको.

आता कुठे चालवू नका तेही सांगतो, कारण मला त्याची फार काळजी आहे. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यावर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वाळूतली घरटी वरून दिसत नाहीत, चाकं गेली की संपलंच. आणि सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं! बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली आहेत, हजारो वर्षांच्या त्या रेषांवरून टायर नेऊ नका हो. स्पोर्ट क्वाडला रस्त्यावर चालवायची परवानगीही नाही, तेव्हा स्वतःची जमीन, नाहीतर मालकाला विचारून त्याची बाग.

जुना क्वाड बघायला जाल तेव्हा पुढचं टोक उचलून धरा आणि चाक वर-खाली हलवा, खडखडलं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग गेलेलं आहे. किनाऱ्यालगत वापरलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेने आतून गंजते, सीट काढा, फ्रेमचे वेल्डिंग बघा, वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट पडलेत का ते बघा, आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे दात झिजून हुकासारखे झाले असतील तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.