मागच्या ॲक्सलचा आवाज कसा घालवला

१९०९ च्या सुमारास इंग्लंडच्या डेम्लर कंपनीने नाइट पद्धतीचं स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिन (उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हऐवजी सरकत्या नळ्या असलेलं) गाड्यांत बसवायला सुरुवात केली. व्हॉल्व्हची टकटक थांबली. अशी शांत इंजिनं आली तसा आधीच्या इंजिनांच्या गोंगाटाखाली दबलेला दुसरा आवाज उघडा पडला. मागच्या सीटखालून येणारा, वेग वाढेल तसा चढत जाणारा तो एकसुरी आवाज क्राऊन-पिनियनचा होता, म्हणजे इंजिनाची फिरकी काटकोनात वळवून मागच्या चाकांना देणाऱ्या मोठ्या (क्राऊन) आणि छोट्या (पिनियन) दातेरी चाकांचा.

तेव्हाच्या बेव्हल (शंकूच्या आकाराच्या) गिअरचे दात सरळ असत. सरळ दात पूर्ण लांबीने एकदम भिडतो आणि एकदम सुटतो. क्राऊनला ४५ दात आहेत आणि चाकाचा व्यास ८४ सेंटिमीटर आहे असं धरा. ताशी ५७ किलोमीटरला चाक सेकंदाला ६ फेऱ्या घेतं, म्हणजे दात सेकंदाला २७० वेळा भिडतात. ही थरथर गिअरच्या पेटीतून (हाउसिंग) गाडीच्या सांगाड्यात (चासी) आणि तिथून लाकडी बॉडीत जाते. बंद लिमोझिनमध्ये ती घुमते, त्यामुळे सर्वांत महाग गाडीतच त्रास जास्त.

बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी वर्म गिअर वापरला होता; यात पिनियनच्या जागी स्क्रूसारखा दांडा (वर्म) दातेरी चाक फिरवतो. मध्ये बारीक, टोकांना जाड असा त्यांचा वर्म चाकाला कवेत घेतो, त्यामुळे एका वेळी अनेक दात भार वाहतात. दात आदळत नाहीत, घसरतात. आवाज जवळजवळ नाहीच. डेम्लरनेही पुढे वर्मच घेतला. मात्र घसरण्यातून उष्णता होते, आणि चाक महागड्या ब्राँझचं लागतं.

अमेरिकेत रोचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याने १९१३ मध्ये वक्र दातांचे बेव्हल गिअर कापणारं यंत्र आणलं. पॅकार्ड या मोटार कंपनीने हे स्पायरल बेव्हल लवकर स्वीकारले. वक्र दात एका टोकाकडून हळूहळू भार घेतो. तो सुटण्याआधी पुढचा दात लागलेला असतो.

पण नुसता दात बदलून भागलं नाही. वक्र दातामुळे पिनियनवर अक्षाच्या दिशेने जोर येतो, आणि ॲक्सिलरेटर सोडला की तो जोर उलटतो. बेअरिंगमध्ये जरा जरी ढिलेपणा असेल तर पिनियन मागेपुढे सरकतो, दात भलत्याच जागी टेकतात आणि आवाज परत येतो. आमच्या मते खरी लढाई इथेच होती: दात जिथे बसवला तिथेच धरून ठेवण्याची. म्हणून टेपर रोलर (निमुळत्या रुळांची) बेअरिंगं आधीच ताण देऊन बसवतात. क्राऊन कठीण करताना वाकू नये म्हणून तेलात बुडवतानाच प्रेसमध्ये दाबून धरतात. मग क्राऊन आणि पिनियन घासपेस्ट लावून एकमेकांवर चालवतात, आणि त्यानंतर ती जोडी कधीच फोडत नाहीत.

आता जुळणी पाहा. काही दातांवर तेलात कालवलेला शेंदूर पातळ लावायचा, क्राऊनला हाताने थोडा रोध द्यायचा आणि पिनियन फिरवायचा. शेंदूर पुसला गेला, तिथे दात टेकला. ठसा दाताच्या माथ्याकडे आला तर शिम (जाडी ठरवणारी पातळ चकती) बदलून पिनियन क्राऊनच्या मध्याकडे घ्यायचा. बुडाशी आला तर बाहेर. ठसा दाताच्या आतल्या, अरुंद टोकाला असेल तर क्राऊन पिनियनपासून दूर करायचा. बाहेरच्या टोकाला असेल तर जवळ. दातांमधली मोकळी फट (प्ले) साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर. गाडी ओढताना शांत आणि उतारावर सोडल्यावर आवाज करणारी असेल, तर दाताच्या दुसऱ्या बाजूचा ठसा बघितलेला नसतो.

१९२६ मध्ये पॅकार्डने ग्लीसनचे हायपॉइड गिअर घेतले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसतो. इंजिनाकडून मागे येणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) खाली गेल्याने गाडीचा तळ उतरवता आला. पिनियनही जाड झाला, आणि दात लांबीच्या दिशेनेही घसरू लागल्याने आवाज आणखी घटला. पण त्या दाबाखाली साधं तेल टिकत नाही, दात ओरबाडले जातात. त्यासाठी गंधकयुक्त तेलं आली. जुनी गाडी दुरुस्त करताना हे लक्षात ठेवा: ॲक्सल वर्मचं असेल तर ते तेल त्यात घालू नका. गरम झाल्यावर त्यातलं गंधक ब्राँझचं चाक खातं.